प्रभाकरभाऊंचे हात आणि माझी हिरवी डबी

कुडाळच्या बाजारात माझं दोन खुर्च्यांचं सलून आहे. तिथं येणाऱ्यांत नागपूर पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही. मुंबई, गोवा, फार तर बेळगाव. त्यामुळे जानेवारीत मी नागपूरला जाऊन आल्यापासून जो तो खुर्चीत बसला की विचारतो, "काय अनंता, संत्री खाल्लंस मां?" खाल्ली म्हणून सांगतो. मेट्रोत बसलो तेही सांगतो. मग वस्तरा गळ्याशी येतो, गिऱ्हाईक गप्प होतं आणि मीही गप्प होतो. राहिलेलं तोंडानं सांगायचं धाडस होत नाही, म्हणून लिहायला घेतलं. सातवीत शाळा सुटलेला माणूस आहे, शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या. बाकीचं सांभाळून घ्या म्हणायला मला तोंड नाही.

जायचं कारण होतं एक मलम. वर्षभर मी ते सलूनात विकत होतो. हेम्पचं मलम. हेम्प म्हणजे भांगेच्याच जातीचं झाड, पण नशा न चढवणारं, एवढंच मला ठाऊक. हिरवी डबी, झाकणावर पंजासारखं पान. डबीवरची अक्षरं सगळी इंग्रजी, मुंगीएवढी. गिऱ्हाइकांना ती वाचता येत नसत आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मग मी प्रेसमधून मराठी स्टिकर छापून घेतले. 'शुद्ध भांग-अर्क मलम. केमिकल नाही. सांधे, खाज, भेगा, कोरडी कातडी.' खाली सलूनचं नाव. डबीवर स्टिकर बसेल अशी सपाट जागा एकच होती, जिथं आत काय काय घातलंय त्याची यादी छापलेली होती तीच. तिथंच चिकटवले. एकेक करून, अंगठ्यानं दाबून.

मलमाच्या कंपनीनं सलूनवाल्यांसाठी नागपुरात दोन दिवसांचं शिबिर ठेवलं. राहायची सोय ज्याची त्यानं करायची. माझ्या ओळखीचं तिथं एकच घर होतं, प्रभाकरभाऊंचं. बारा वर्षांपूर्वी ते रेल्वेच्या कामावर वर्षभर आमच्याकडं होते आणि दर रविवारी माझ्याकडं दाढीला यायचे. जाताना म्हणाले होते, "नागपूरले आला का आपल्याच घरी यायचं, समजलं का गा?" अशी बोलणी कोण लक्षात ठेवतं? मी फोन केला तर त्यांनी पत्ता सांगायच्या आधी विचारलं, "स्वेटर आहे का तुझ्यापाशी?"

बेसा

बेसा म्हणजे शहराच्या दक्षिण टोकाची वस्ती. एका बाजूला नव्या बिल्डिंगा उभ्या राहतायत, दुसऱ्या बाजूला अजून मोकळं रान. भाऊंचं घर दोन खोल्यांचं, पुढं ओटा, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. मी पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि तोंडातून वाफ निघत होती. आमच्याकडं जानेवारीतसुद्धा अंगाला ओल असते. इथली हवा कोरडी ठणठणीत. पहिल्या तासाभरात माझे ओठ फुटले.

भाऊंची बायको, वंदनावहिनी, अंगणवाडीत शिकवते. तिनं मला पाहिलं नि पहिलं वाक्य हेच बोलली, "भाऊजी, काहून कुडकुडून राहिले? आत या न, चहा ठेवला आहे." दुपारी जेवायला वांग्याची झणझणीत भाजी, ज्वारीची भाकरी, वरून हिरवी कोथिंबीर. तिला ते सांबार म्हणतात. मी विचारलं, आमटी कुठाय? तर दोघं हसून हसून बेजार. आम्ही 'माका' म्हणतो, ते 'मले' म्हणतात. तिखटाला दोन्हीकडं डोळ्यांतून सारखंच पाणी येतं. माशाची आठवण आली, पण वहिनीनं इतक्या आग्रहानं वाढलं की आठवण काढायचीही लाज वाटली.

जेवताना मी भाऊंचे हात पाहिले. माझा धंदाच कातडी बघायचा. दोन्ही तळवे लाल, बोटांच्या पेरांना चिरा, काही चिरांत निळसर रंग शिरलेला. भाऊ बुटीबोरीच्या एका कापडाच्या कंपनीत रंगखात्यात आहेत, ठेकेदारीवर. दिवसभर रंगाचं पाणी, सोड्याचं पाणी.

"दवाखान्यातून ट्यूब आणली आहे," भाऊ म्हणाले. "रोज दोनदा लावतो. कमी होऊन राहिलं हळूहळू."

ट्यूब मी हातात घेऊन फिरवली. वाचता काहीच आलं नाही. पण सलूनात कुणी तरी एकदा म्हणालं होतं की दवाखान्याच्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं आणि त्यानं कातडी कायमची पातळ होते. तेवढ्या भांडवलावर मी म्हणालो, "भाऊ, ही बंद करा. स्टिरॉइड आहे ते. माझ्याकडं निसर्गाचं औषध आहे."

आणि माझ्या पिशवीतली डबी काढून भाऊंच्या हाताला मीच चोळली. चांगली, मालिश करतात तशी, चिरांत मुरेपर्यंत.

एवढ्या मायेनं ठेवून घेतलं या माणसांनी, आपणही काही द्यावं, हे मनात होतं. ते खोटं नव्हतं. पण त्यात थोडा तोराही होता, तो आता दिसतो. सातवी शिकलेल्याला कुणी औषध विचारत नाही. त्या दुपारी ऐकणारा भेटला होता.

भाऊंनी दात आवळले. "आग होऊन राहिली गा."

आमच्या धंद्यात दाढीनंतर तुरटी फिरवतात. ती चुरचुरली नाही तर गिऱ्हाईक म्हणतं, आज काय रे, पाणी लावलंस काय? बापानं मला हेच शिकवलं आणि वीस वर्षं मी हेच मानत आलो, की झोंबलं तर माल खरा. मी म्हणालो, "जळजळतंय म्हणजे काम चालू आहे, भाऊ. भांगेची ताकद आहे ती. सहन करा."

त्यांनी सहन केलं.

सीताबर्डी

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं भाऊंचा जुना मफलर माझ्या कानांना गुंडाळला आणि मी शिबिराला निघालो. मेट्रोच्या फाटकाशी माझं तिकीट काही लागेना. मी ते उलटं दाबत होतो. मागं रांग. एक कॉलेजातली पोरगी पुढं आली, "काकाजी, असं नाई, असं," म्हणून तिनं फाटक उघडून दिलं. मी तिला दोनदा नमस्कार केला. सीताबर्डीला उतरून व्हरायटी चौकाकडं चालत गेलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्वेटर, चार्जर, चपला, मोबाइलची कव्हरं, आणि मध्येच एका गाडीवर तर्री पोहे. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात. आमच्याकडं पोह्यांवर खोबरं पडतं. पहिल्या घासाला ठसका लागला. गाडीवाला म्हणाला, "कोकणातले दिसता भाऊ," आणि न मागता दही वाढलं.

शिबिर एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. शिकवणाऱ्या बाई कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या, बोलणं हिंदी आणि इंग्रजीची मिसळ. त्यांनी पडद्यावर झाडाचं चित्र दाखवलं आणि बरंच काही सांगितलं. त्यातलं आज मला जेवढं कळतं तेवढं लिहितो. या झाडात कॅनाबिनॉइड नावाची द्रव्यं असतात. त्यातलं एक नशा आणतं. दुसरं, सीबीडी, नशा आणत नाही, त्याचा खाजेवर आणि सुजेवर उपयोग होतो का ते लोक अजून तपासतायत. ही द्रव्यं राहतात फुला-पानांवरच्या चिकट राळेत. बियांत जवळजवळ नाहीतच. आपल्या डबीत जे आहे ते बियांचं तेल. कोरडी कातडी मऊ करायला चांगलं, पण औषध नव्हे.

"इसलिए कोई दावा मत करना," बाई म्हणाल्या. "कुछ डाउट?"

मला डाउटच डाउट होते. पण हात वर केला की आधी नाव, गाव, शिक्षण सांगायचं होतं. माझ्या अगोदरच्या तिघांनी बारावी, आयटीआय, बी.ए. सांगितलं. मी वहीत 'सीबीडी' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि मान डोलावली.

मग त्यांनी आमच्या प्रत्येकाच्या मनगटावर दोन ठिपके लावले. एक नुसता तेलकट, दुसरा गारेगार. "हेम्प किसमें है?" सगळ्या हॉलनं गार ठिपक्याकडं बोट दाखवलं. मीही. बाई हसल्या. गार ठिपक्यात पेपरमिंट आणि कापूर होता, हेम्पचा थेंब नव्हता. हेम्प होतं ते तेलकट ठिपक्यात, गप्प बसलेलं. हॉल हसला. मीही हसलो. हसता हसता थांबलो, कारण वर्षभर गिऱ्हाइकाच्या मनगटावर मलम चोळून "बघा, भांग आत शिरली" असं मी ज्याला म्हणत होतो, तो पेपरमिंटचा गारवा होता.

म्हणजे त्या संध्याकाळी मला अर्धंमुर्धं तरी कळलं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

घरी आलो तर भाऊ ओट्यावर बसले होते, हात मांडीवर उताणे. "अनंता, लई जळजळ करून राहिलं गा. रात्री पण झोप नाई लागली. चालू ठेवू का?"

बंद करा म्हणालो असतो तर का, ते सांगावं लागलं असतं. मग कालचं ठाम बोलणं कुठून आलं तेही सांगावं लागलं असतं. आतून वहिनीचा आवाज, "भाऊजींसाठी पाटोडीचा रस्सा करू का परवा?"

मी म्हणालो, "काम चालू आहे भाऊ. अजून एक दिवस."

बुटीबोरी

तिसऱ्या दिवशी शिबिर दुपारीच आटोपलं. सर्टिफिकेट मिळालं, त्यावर माझं नाव बरोबर छापलेलं होतं. भाऊंनी सांगून ठेवलं होतं की बसनं बुटीबोरीला ये, आमची कंपनी बाहेरून दाखवतो. गेलो. रुंद रस्ते, मैलभर कंपाउंडच्या भिंती, फाटकांवर बिहारची, ओडिशाची, छत्तीसगडची माणसं. चहाच्या टपरीवर चार भाषा. मला बरं वाटलं, घरापासून लांब आलेला मी एकटाच नव्हतो.

भाऊ शिफ्ट सुटायच्या दोन तास आधीच फाटकातून बाहेर आले. दोन्ही हातांना पुसायच्या चिंध्या गुंडाळलेल्या. त्यांनी एक सोडून दाखवली. तळवा फुगला होता, चिरांतून पाणी येत होतं, मनगटापर्यंत बारीक फोड.

"सुपरवायझर म्हणे, हात बरे करून या, तोवर दुसरा माणूस ठेवतो," भाऊ म्हणाले. आणि मग माझ्याकडं न बघता, "दुसरा ठेवला का मग पयल्याले कोण बोलवते गा?"

ठेकेदारीचा माणूस. रजा नाही, कागद नाही. मी त्यांच्यासाठी चहा सांगितला. त्यांना कप धरता येईना, मी बशी त्यांच्या ओठाला लावली. चार माणसं बघत होती. भाऊ त्यांना म्हणाले, "कोकणातला पाहुणा होय आपला. लई माया करते."

चामडीच्या डॉक्टरांकडं

दुसऱ्या दिवशी भाऊंना घेऊन गेलो. सरकारी दवाखान्यात सकाळपासून रांग. डॉक्टरीण तरुण, डोळ्यांखाली झोप साठलेली. तिनं हात उजेडात धरला आणि लगेच विचारलं, "याच्यावर काय लावलं?"

मी डबी पुढं केली. तिनं फिरवून बघितली. "यात काय आहे ते कुठं लिहिलंय?"

"खाली आहे," मी म्हणालो. "स्टिकरच्या."

"मग काढा."

स्टिकर निघेना. चांगला गोंद वापरला होता. मी नखानं खरवडायला लागलो, थुंकी लावली, माझ्या सलूनचं नाव तुकड्यातुकड्यानं नखात गेलं. मागच्या बाकावरची माणसं बघत होती. डॉक्टरीण थांबून राहिली, एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं यादी वाचली, माझ्यासाठी मराठीत. पेपरमिंट, कापूर, दालचिनीचं तेल, सुगंधी द्रव्य, आणि जवळजवळ शेवटी हेम्पच्या बियांचं तेल. "दालचिनीचं तेल उघड्या चिरांवर चोळलंत तुम्ही," ती म्हणाली. "हेम्पनं यांचं काही बिघडवलं नाही. त्यानं काही केलंच नाही. केलं ते बाकीच्यांनी. आणि नैसर्गिक म्हणजे सोसेलच असं नसतं. कातडीला नवीन काहीही लावायचं तर आधी कोपराच्या आत एवढंसं लावून दोन दिवस थांबायचं. आग झाली की धुवून टाकायचं."

मग ती भाऊंकडं वळली. आवाज चढला. "आणि माझी ट्यूब? ती बंद करायला कोणी सांगितलं?"

इथं बोलायचं होतं. मी तिच्या टेबलापासून हातभरावर उभा होतो.

"कोणी नाई, मॅडम," भाऊ म्हणाले. "मीच केली. वाटलं, आता बरं झालं."

तिनं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे, म्हणूनच किती दिवस लावायची ते मोजून दिलं होतं, तुम्ही मोठी माणसं असं का वागता. पंचेचाळीस वर्षांचा माणूस मान खाली घालून "हो मॅडम, चुकलं मॅडम" म्हणत राहिला. तिनं दुसरी ट्यूब दिली, पट्ट्या बांधल्या, पंधरा दिवस रंगाच्या पाण्यात हात घालू नये अशी कंपनीच्या नावानं चिठ्ठी दिली. मी चिठ्ठी नीट घडी घालून भाऊंच्या खिशात ठेवली. एवढंच माझ्या हातून झालं.

बाहेर आल्यावर म्हणालो, "भाऊ, तुम्ही का..."

"चाल गा," ते म्हणाले. "पाटोडी केली असन तिनं."

केली होती. बेसनाच्या वड्या, लाल रस्सा, भात. वहिनी भाऊंना चमच्यानं भरवत होती आणि प्रत्येक चमच्यागणिक सुनावत होती. "मी कामावरून सुट्टी घेऊन दोन वेळा रांगेत उभी रायली त्या ट्यूबसाठी. अन तुमी आपल्या मनानं बंद करता? एवढे हुशार झाले का? कंपनीतून काढलं तर काय करसान?"

"वाढ वं," भाऊ म्हणाले. "रस्सा गार होऊन राहिला."

"गार होऊ द्या! भाऊजी, तुमी तरी सांगा यायले."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडात घास होता. तो गिळायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ मी तो चावत राहिलो. शेवटी वहिनी पुन्हा भाऊंनाच बोलायला लागली. उरलेला सगळा दिवस बोलत होती. मी ऐकत होतो. रस्सा दोनदा घेतला. चव अजून आठवते, याचीही लाज वाटते.

निघताना

माझी गाडी दुपारची. सकाळी भाऊ म्हणाले, "हात बांधलेले, दाढी वाढली. आता घरीच न्हावी आहे तर कर न गा." ओट्यावर ऊन आलं होतं. वहिनीनं गरम पाण्याचा तांब्या आणला आणि तो धरून शेजारी उभी राहिली. मी फेस लावला. भाऊंनी मान मागं टाकली, डोळे मिटले, गळा माझ्यापुढं.

एवढा विश्वास टाकलेल्या गळ्यावर मला वस्तरा लावता येईना.

"वहिनी," मी म्हणालो, "ट्यूब भाऊंनी बंद नाही केली. मी करायला लावली. आग होते म्हणाले तेव्हा अजून एक दिवस लावा म्हणालो. तोवर मला शिबिरात कळलं होतं, तरी म्हणालो. दवाखान्यात भाऊंनी माझं नाव झाकलं."

मग ती म्हणाली, "काल दिवसभर मी यायले बोलून राहिली. अन तुमी बसून आयकून राहिले?"

"होय."

"जाऊ दे न वं," भाऊ डोळे न उघडता म्हणाले. "घरी आलेला माणूस होय."

"घरी आलेला माणूस होय, म्हणूनच!" तिनं तांब्या खाली ठेवला, पाणी ओट्यावर हिंदकळलं, आणि ती आत गेली.

मी वस्तरा उचलला. भाऊंनी एक डोळा उघडला. "थरथरू नको गा. हात तर गेलेच, गळा तरी ठेव."

दाढी केली. कुठं कापलं नाही. भाऊ रिक्षापर्यंत आले, कोपरात पिशवी अडकवून. त्यात भाकऱ्या, ठेचा आणि संत्री. "तिनंच बांधलं," ते म्हणाले. ती दारात आली नाही.

कुडाळ

परत आल्यावर राहिलेल्या डब्या मी कंपनीकडं पाठवल्या, आणि ज्यांना विकल्या होत्या त्यांच्याकडं एकेक करून गेलो. सगळ्यांना खरं सांगितलं असं छातीठोक म्हणत नाही. काही ठिकाणी पुटपुटलो. गुडघ्याला मलम लावणारे सामंतकाका तर उलट चिडले. "माका बरा वाटता, मगे तुका काय त्रास?" मी म्हणालो, "काका, गार वाटतं ते पेपरमिंटानं. त्यात भांगेचं काही नाही." म्हणाले, "मगे पेपरमिंट दी!" पण त्यांच्या गुडघ्यावर चीर नव्हती. मी त्यांना कोपराच्या आत लावून बघायचं शिकवलं आणि डबी त्यांच्याकडंच राहू दिली.

भाऊंना फोन करायला बारा दिवस लागले. रोज नंबर काढायचो आणि ठेवायचो. शेवटी एका सकाळी, एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावून झाल्यावर, लावला. उचलला वहिनीनं. घरात फोन एकच, तो त्या दिवशी तिच्यापाशी होता.

"मी अनंता."

मागं अंगणवाडीतली पोरं ओरडत होती.

"भाऊंचे हात?"

"सुकले. पट्टी सुटली." मग थांबून, "चिठ्ठी दाखवली कंपनीत. रंगखात्यात दुसरा घेतला, पण यायले घडी घालायच्या खात्यात ठेवलं. कोरडं काम होय."

"वहिनी, चूक माझी होती."

"होय. तुमचीच होती," ती म्हणाली. मी फोन ठेवणार, तेवढ्यात तिचाच आवाज आला. "मले सुट्टी घेऊन घरी जायचं आहे, अर्धा घंटा लागन. ते घरीच आहेत आज. पोचली का लावते, मग बोला त्यायच्याशी. फोन जवळ ठेवा."

गिऱ्हाईक म्हणालं, "अनंता, फेस सुकलो रे."

मी म्हणालो, "होय होय," आणि ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला. दुसऱ्या हातातला फोन काही मी खाली ठेवला नाही.